आधी गायचं, मग गप्प बसायचं

आमच्या सोसायटीचा हॉल हवा असेल तर एक फॉर्म भरावा लागतो. त्यात ‘कार्यक्रमाचा प्रकार’ असा रकाना आहे आणि पुढे तीन चौकोन : धार्मिक, सांस्कृतिक, वैयक्तिक. घोडबंदर रोडला राहायला आल्यापासून मी त्या फॉर्मवर लेकीचा वाढदिवस आणि सासऱ्यांची पंच्याहत्तरी एवढंच भरलं होतं. पण महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तासभर हॉल हवा होता, तेव्हा पेन त्या चौकोनांवर अडलं.

दहा-बारा माणसं जमणार, थोडं गाणार, मग काही मिनिटं काहीच न करता बसणार, परत थोडं गाणार. जमणाऱ्यांत दोन वाऱ्या केलेल्या एक काकू, चर्चच्या क्वायरमध्ये गाणारा एक मुलगा, शाळेतली माझी मुंब्र्याची जुनी सहकारी, एक बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, आजोबा, पौर्णिमेला विहारात जाणारं एक जोडपं, जैन शेजारीण, आणि ‘मी कशालाच मानत नाही, पण गळा बरा आहे’ असं सांगून आलेला तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर.

“पूजा आहे का?” सेक्रेटरींनी विचारलं. नाही. “मग गाण्याचा कार्यक्रम?” तसाही नाही, ऐकायला कुणी नसेल. “योगा?” नाही. त्यांनी शेवटी स्वतःच ‘वैयक्तिक’वर टिक केली आणि वाढदिवसाचा दर लावला.

मला राग आला नाही, कारण प्रश्न बरोबर होता. हे नक्की आहे काय? एकत्र गाणं सगळ्यांना माहीत आहे, एकत्र मौन धरणंही माहीत आहे. दोन्ही एकापाठोपाठ ठेवले की काय होतं, आणि वेगवेगळ्या धर्मांची माणसं एका सतरंजीवर बसली की त्यात काय अडचणी येतात, ते इथे सांगते.

श्वासाचा हिशेब

आत्ता बसल्या जागी एखाद्या आरतीची किंवा गाण्याची एक ओळ म्हणून बघा, आणि लक्ष शब्दांकडे न देता श्वासाकडे द्या. श्वास झटकन आत येतो आणि ओळ संपेपर्यंत सावकाश बाहेर जात राहतो. गाडी पकडायला जिना चढताना आपण असा श्वास घेत नाही, फोनवर भांडताना तर नाहीच. श्वासाच्या बाजूने पाहिलं तर गाणं म्हणजे लांबवलेला उच्छ्वास. आणि आपलं हृदय श्वास घेताना जरा भरभर आणि सोडताना जरा सावकाश चालतं. श्वास सोडताना व्हेगस नावाचा मज्जातंतू त्याचा लगाम ओढतो. दीर्घ श्वास घेत मनगटाची नाडी धरून बसलात तर बऱ्याच जणांना हा फरक बोटाखाली कळतो.

२००१ साली इटलीतले डॉक्टर लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या. एक, कॅथलिक जपमाळेतली ‘आवे मारिया’ ही प्रार्थना, तीही लॅटिनमध्ये. दुसरी, ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र. दोन्हींमध्ये श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. ‘आवे मारिया’ची अर्धी प्रार्थना पुढचा म्हणतो, उरलेली अर्धी बाकीचे म्हणतात, आणि एक फेरा होतो साधारण दहा सेकंदांचा. आपल्या रक्तदाबातही साधारण दहा सेकंदांची एक संथ लाट आपोआप चालू असते. श्वास त्या मापाचा झाला की दोन्ही लाटा एकमेकींना धरतात. ज्यांनी या प्रार्थना घडवल्या त्यांच्या हातात घड्याळं नव्हती, दोघांचा देश वेगळा, भाषा वेगळी, श्रद्धा वेगळी. श्वासाचं माप मात्र दोघांना तेच सापडलं.

हे झालं एकेकट्याचं. २०१३ साली स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या ब्योर्न विकहॉफ यांनी अठरा वर्षांच्या मुलांना एकत्र गायला लावून त्यांचे हृदयाचे ठोके मोजले. आधी नुसता एक सूर गुणगुणायचा, श्वास वाटेल तेव्हा घ्यायचा. मग एक स्तोत्र. मग संथ मंत्र, ज्यात श्वास फक्त दोन ओळींच्या मध्ये घ्यायचा. ठरलेल्या जागी सगळे श्वास घेऊ लागले तसे त्यांचे ठोकेही बरोबरीने वर-खाली होऊ लागले. भजनी मंडळात झील धरणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही. माझे बाबा डोंबिवलीहून लोकलने जाताना गाडीतल्या मंडळात टाळ वाजवायचे. नवीन माणूस आला की ते त्याला एवढंच सांगायचे, “सूर नंतर बघू, आधी ओळ आमच्याबरोबर सोड.”

आता मौनाकडे. बर्नार्डींनी २००६ मध्ये आणखी एक प्रयोग केला. २४ जण, त्यांतले निम्मे वादक-गायक. त्यांना वेगवेगळ्या लयीचं संगीत ऐकवलं, त्यात एक भारतीय रागही होता. अपेक्षेप्रमाणे लय वाढली की श्वास आणि ठोके वाढले. पण संगीताच्या मध्येच त्यांनी दोन मिनिटांची शांतता घातली होती, आणि त्या दोन मिनिटांत श्वास, ठोके, रक्तदाब सगळं प्रयोग सुरू होण्याआधीच्या विश्रांतीपेक्षाही खाली उतरलं. म्हणजे संगीताच्या पोटातली शांतता आणि नुसती शांतता यांत शरीर फरक करतं.

माझा या सगळ्या प्रकारावर विश्वास बसला तो इथे. पिठाची गिरणी बंद झाली की मग कळतं, इतका वेळ ती घरघरत होती. नुसतं ‘डोळे मिटा आणि शांत बसा’ म्हटलं की आपल्या डोक्यातली गिरणी चालूच राहते. गाणं आधी झालेलं असलं की बंद पडण्यासारखं काहीतरी हाताशी असतं. ध्यानाला बसून पाच मिनिटांत उठणाऱ्या कितीतरी लोकांना मी गाण्यानंतर आरामात बसलेलं पाहिलं आहे, आणि त्यात मीही आले.

एक सावधगिरी. हे प्रयोग वीस-पंचवीस माणसांचे आहेत. यावरून ‘रोज गा आणि रक्तदाबाची गोळी बंद करा’ असं कुणी फॉरवर्ड केलं तर त्याला गप्प बसवा, गाण्याशिवाय.

आणखी एका अभ्यासाचा मात्र आमच्या हॉलशी थेट संबंध आहे. इंग्लंडमध्ये आयलनेड पिअर्स, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी प्रौढांचे नवे वर्ग सात महिने पाहिले, काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांनी सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांच्या जवळ आली होती. गाणाऱ्यांची जवळीक मात्र पहिल्या महिन्यातच वाढली होती. लिफ्टमध्ये आठ वर्षं एकमेकांच्या बुटांकडे बघत उभं राहणाऱ्यांसाठी ही माहिती दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

ठाण्यात पायी फिरताना

‘आंतरधर्मीय ध्यान’ म्हटलं की कुठूनतरी परदेशातून आलेलं वाटतं. त्यावर माझा उपाय म्हणजे ठाणे स्टेशनला उतरून मासुंदा तलावाकडे चालत जाणं. काठावर कोपिनेश्वराचं देऊळ आहे. तिथून थोड्याच अंतरावर सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च. टेंभीनाक्याला जैन मंदिर, त्याच भागात १८७९ साली बांधलेलं बेने इस्रायलींचं सिनेगॉग, ‘शाआर हाशामाईम’, म्हणजे स्वर्गाचं दार. पारशांची अग्यारीही जुन्या ठाण्यातच. पाय दुखायच्या आत ही फेरी होते. आणि या प्रत्येक ठिकाणी आवाज आणि मौन यांची आपापली वाटणी फार पूर्वीच झालेली आहे.

सिनेगॉगमध्ये ‘अमिदा’ ही मुख्य प्रार्थना उभं राहून, पाय जुळवून, फक्त स्वतःला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणतात. मग दहा प्रौढांची गणसंख्या असेल तर हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, तीच प्रार्थना सगळ्यांसाठी मोठ्याने म्हणतो. आमचे आजोबा म्हणतात, “आधी देवाशी खासगीत, मग सगळ्यांसमोर.” आणि याच आजोबांच्या घरी मलिदा, म्हणजे देवाचे आभार मानायचा विधी, असला की पोहे, ओला नारळ, साखर, फळांच्या ताटाभोवती एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं सगळे मिळून खड्या आवाजात म्हणतात.

जैनांचं ‘सामायिक’, म्हणजे समभावाने बसण्याचं व्रत, ४८ मिनिटांचं, म्हणजे दोन घटकांचं. प्रतिक्रमणात, म्हणजे चुकांची कबुली देण्याच्या विधीत, सूत्रं मोठ्याने म्हटली जातात आणि मधेच ‘काउस्सग्ग’ येतो. शरीर निश्चल, ओठ बंद, मनात ठरलेल्या संख्येने लोगस्स किंवा नवकार, आणि मग परत आवाज. म्हणजे मी ज्याला नवा प्रकार समजून उत्साहाने फॉर्म भरत होते तो शेजारीण लहानपणापासून करत आली होती. हे तिने मला चौथ्या बैठकीला, चहा पिताना, सहज सांगितलं.

सूफींमध्ये तर यावर दोन वाटाच आहेत. मोठ्याने केलेलं स्मरण ते ‘जिक्रे-जली’, मनात केलेलं ते ‘जिक्रे-खफी’. चिश्ती आणि कादिरी परंपरेत आवाजाला जागा आहे, नक्शबंदी मौनाकडे झुकतात. चर्चमध्ये कम्युनियननंतर सगळे शांत बसतात, त्या शांततेला उपासनेत अधिकृत जागा आहे. पारशांमध्ये ‘बाज’ घेतल्यावर प्रार्थना पुटपुटत म्हणतात आणि ती पुरी होईपर्यंत एरवीचं बोलणं बंद. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्यमौन आणि बैठकीच्या शेवटी आचार्यांचं पालीतलं गायन. मांडुक्य उपनिषद ओंकाराची फोड करतं तेव्हा अ, उ, म या तीन मात्रा सांगून थांबत नाही. चौथा भाग ‘अमात्र’ आहे, ज्याला मात्राच नाही. उच्चार संपल्यावर जे उरतं तेही ओंकारातच मोजलं आहे.

आपल्या मराठी भजनात मात्र, खरं सांगायचं तर, मौनाला जागा कमी. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्यात, तर शांतता म्हणजे हार. लय चढत जाते, टाळ एकमेकांवर आदळतात, शेवटी गजर, जयघोष आणि लगेच प्रसाद. मला ते अतिशय आवडतं. पण त्याच्या शेवटी कुणी तीन मिनिटं गप्प बसल्याचं मी पाहिलेलं नाही.

मराठी परंपरेकडे दुसरी एक गोष्ट आहे, तिचा अभिमान बाळगायला हरकत नाही. आपले गायनाचे साचे कुणी कुलूप लावून ठेवले नाहीत. जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली, ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी अभंग लिहिले. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्रायलींनी कीर्तनाचा साचा उचलून त्यात बायबलमधल्या कथा मराठीत सांगायला सुरुवात केली. रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं पेटी-टाळावर म्हटली जातात. म्हणून आमच्या हॉलमध्ये चाल कुणालाच परकी वाटली नाही. अडलं ते शब्दांवर, पण ते पुढे.

ज्यांनी हे आधी केलं

फ्रान्सच्या बरगंडी भागात तेझे नावाचं छोटं गाव आहे. १९४० मध्ये ब्रदर रॉजर तिथे आले आणि पुढे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोन्ही पंथांचे ब्रदर एकत्र राहू लागले. युरोपभरातून तरुण यायला लागले तेव्हा भाषेचा प्रश्न आला. त्यावर उत्तर निघालं ते अगदी छोट्या ओळींचं, जी दोनदा ऐकली की तिसऱ्यांदा कुणालाही म्हणता येते. संगीतकार जाक बेर्तिए यांनी तशा चाली बांधल्या. कित्येक ओळी लॅटिनमध्ये, कारण ती आता कुणाचीच मातृभाषा नाही, त्यामुळे कुणीच यजमान नाही आणि कुणीच पाहुणा नाही. प्रार्थनेच्या मधोमध आठ-दहा मिनिटं मौन. हा ख्रिस्ती पंथांमधला मेळ आहे, वेगवेगळ्या धर्मांमधला नव्हे. पण तंत्र म्हणून त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

वेगवेगळ्या धर्मांचा प्रयोग आपल्याकडचाच. गांधींच्या आश्रमात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होई, तिची भजनं गोळा करण्याचं मोठं काम पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी केलं, पलुस्करांचे शिष्य आणि दांडीयात्रेतले एक यात्री. सेवाग्रामच्या प्रार्थनेत जपानी बौद्ध मंत्र, दोन मिनिटं मौन, ईशावास्याचा श्लोक, कुराणातल्या आयती, पारशी प्रार्थना, भजन आणि रामधून असं सगळं आलं. वाचायला छान वाटतं. १९४७ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत मात्र सभेतल्या कुणीतरी कुराणाच्या आयतींना हरकत घेतली. गांधींनी तेवढ्या आयती गाळून बाकीची प्रार्थना पुढे नेली नाही, प्रार्थनाच थांबवली. असं एकदा नव्हे, अनेकदा झालं. म्हटली तर सगळी, नाहीतर काहीच नाही. त्या दिवसांत हा आग्रह किती महागात पडणारा होता ते आपल्याला माहीत आहे.

विनोबांनी दोन वाटा धरून पाहिल्या. एकीकडे त्यांनी अनेक धर्मांतली देवाची नावं एकाच नाममालेत ओवली. दुसरीकडे भूदानयात्रेतल्या सभांमध्ये सामूहिक मौन प्रार्थनेवर भर दिला, कारण मौनात कुणाला कुणाचे शब्द उसने घ्यावे लागत नाहीत. विनोबांचं जन्मगाव गागोदे पेण तालुक्यात, ठाण्याहून निघालात तर दुपारच्या जेवणाआधी पोहोचाल.

आणि तुकडोजी महाराज. त्यांची सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी विदर्भातल्या गावागावांत आहे, आमच्या कोकणपट्टीला ती फारशी ठाऊक नाही. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी ते गेले. अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीला दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात बरोबर त्याच मिनिटाला लाखोंची गर्दी स्तब्ध होते आणि मग सर्व धर्मांच्या प्रार्थना होतात. दिवसभर खंजिरी, भजनं, दिंड्या, लाऊडस्पीकर चाललेले असताना अचानक उतरलेली ही शांतता किती जड असेल याची कल्पना करा. बर्नार्डींच्या यंत्रांची तिथे गरज पडणार नाही.

शब्द कुणाचे?

पहिल्या बैठकीला माझ्या डोक्यात ‘सगळ्यांनी सगळ्यांचं म्हणायचं’ असा बेत होता. एक अभंग, एक ख्रिस्ती गीत, एक बुद्धवंदना, एक कलाम, सगळ्यांनी मिळून. कागद छापून आणले होते. कागद वाटून झाल्यावर हॉलमध्ये जी शांतता पसरली ती ध्यानाची नव्हती.

मुंब्र्याची माझी मैत्रीण नंतर म्हणाली, “अगं, तू माझ्या शेजारी बसून अभंग म्हण, मला ऐकायला आवडतं. पण मी ते म्हटलं तर माझ्या दृष्टीने ती प्रार्थना होते, आणि माझी प्रार्थना एकाचीच.” शिवाय ती जे म्हणते त्याला ती गाणं म्हणत नाही. कुराणाची तिलावत, म्हणजे पठण, असते, तिचे उच्चाराचे काटेकोर नियम असतात, त्याला पेटीची साथ नसते. मुसलमानांमध्येच उपासनेत संगीत असावं की नसावं यावर शतकानुशतकं मतं वेगळी आहेत, आणि एका व्यक्तीकडून सगळ्यांच्या वतीने होकार घ्यायचा नसतो.

विहारात जाणाऱ्या जोडप्याचा मुद्दा आणखी वेगळा होता. त्रिशरण-पंचशील पालीत म्हणायला त्यांची काहीच हरकत नाही, उलट आवडेल. पण ‘प्रार्थना’ हा शब्द नको, कारण कुणाकडे काही मागणं त्यात नाही, आणि आंबेडकरांनी १९५६ साली दिलेल्या २२ प्रतिज्ञा ते मनापासून पाळतात. अभंगातल्या देवाला हात जोडायला त्यांना सांगणं हा माझा अडाणीपणा होता. इंजिनिअरने वेगळंच विचारलं, “मी नुसता आ लावला तर चालेल का?”

चालेल, आणि तोच सगळ्यात जुना मार्ग निघाला. शब्द नसलेला आलाप. पूर्व युरोपातल्या हसिदी ज्यूंकडे ‘निगुन’ असतात, शब्दांविना गायच्या चाली, कारण जिथे शब्द संपतात तिथे चाल सुरू होते असं ते मानतात. आपल्याकडे नुसत्या आकारावर तासभर राग उलगडतो.

आता आमची मांडणी अशी आहे. सुरुवातीला तंबोऱ्यावर सगळे मिळून आकार. मग दर महिन्याला दोन घरं आपलं काहीतरी म्हणतात, ज्यांना सूर धरावासा वाटतो ते धरतात, बाकीचे ऐकतात. कोण ओठ हलवतंय ते कुणी बघत नाही. प्रत्येकाचं म्हणून झालं की मौन. मौन मात्र सगळ्यांचं.

ठाण्यात राहून हे मिसळीच्या भाषेत सांगायचा मोह आवरत नाही. मामलेदारला जाऊन मिसळ खाणं वेगळं, आणि पानावरचं वरण, भात, कोशिंबीर, खीर एकत्र कालवून खाणं वेगळं. मिसळ मुळातच एकत्र खायची म्हणून बनवलेली असते, पानातल्या पदार्थांचं तसं नाही. चार धर्मांच्या ओळी कापून एका चालीत चिकटवलेली गाणी मला नकोशी होतात ती म्हणूनच. कुणाचीच चव लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपलं काहीतरी चोरलं गेलं. ज्यांना ती आवडतात त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण आमच्या हॉलमध्ये नको.

मौनसुद्धा वाटतं तेवढं कोरं नसतं. आपल्याकडे ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहतात. ही दोन मिनिटांची पद्धत १९१९ साली पहिल्या महायुद्धात गेलेल्यांसाठी सुरू झाली. त्यामुळे ‘आता मौन’ म्हटलं की माणसं उभी राहतात, मान खाली घालतात आणि कोण गेलं ते आठवू लागतात. आमच्याकडेही पहिल्यांदा तेच झालं, तिघं चटकन उठून उभे. तेव्हापासून मी ‘मौन’ म्हणत नाही. “आता जरा गप्प बसू,” म्हणते.

लय उतरवायची कशी

इथून पुढे ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी.

गजराने चढवलेल्या लयीतून एकदम शांततेत उडी घेता येते. ओशोंनी रचलेल्या सक्रिय ध्यानात तेच आहे, आधी जोरजोरात श्वास, आरडाओरडा, उड्या, आणि मग पंधरा मिनिटं पुतळ्यासारखं स्तब्ध. पण साठीच्या पुढचे गुडघे आणि खालच्या मजल्यावरचे रहिवासी यांचा विचार करता आम्ही उलट करतो. शेवटची ओळ चार-पाच वेळा म्हणायची, प्रत्येक वेळी थोडी सावकाश आणि थोडी हळू, टाळ आधी बंद, मग पेटी, मग तबला असलाच तर तो, शेवटी फक्त गळे. अखेरचं आवर्तन जवळजवळ ओठांतल्या ओठांत. तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा, घेऊन संपवू नका, तिहाई आली की आपल्या हातांना टाळीची सवय आहे.

पट्टीवरून भांडणं होतात. बायकांना पेटीची काळी चार-पाच सोयीची, पुरुषांना काळी एक-दोन. तडजोड म्हणून पाच-सहा सुरांत फिरणारी चाल निवडावी. मधल्या सप्तकाच्या पलीकडे जाणारी, हरकतींनी भरलेली चाल आली की चांगले गळेवाले गातात आणि बाकीचे श्रोते होतात. मग ते संगीताचं दुकान होतं. आमच्यातल्या दोन चांगल्या गळ्यांना हे पटायला तीन महिने लागले, आणि एक गळा अजून रुसलेला आहे.

किती वेळ गप्प बसायचं? मी पहिल्या वेळी उत्साहात दहा मिनिटं ठरवली. चौथ्या मिनिटाला खुर्च्या करकरल्या. सहाव्याला कुणाचा तरी फोन खिशातल्या खिशात थरथरला. आठव्याला वारीवाल्या काकू हुंदके देऊन रडायला लागल्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान गेले होते, आणि मला ते माहीत असूनही मी विचार केला नव्हता. गाण्याने माणूस मोकळा होतो, आणि मोकळ्या झालेल्या माणसाला एकदम दहा मिनिटं एकटं सोडणं बरं नव्हे. आता आम्ही तीनपासून सुरू करतो आणि तासाभरात तीन-चार वेळा थांबतो, शेवटचा थांबा सर्वांत लांब. डोळे उघडे ठेवले तरी चालतात. उठून गॅलरीत गेलं तरी चालतं, कुणी मागे जात नाही, पण चहाच्या वेळी कुणीतरी शेजारी जाऊन बसतं.

आणि शांतता म्हणजे आवाज नसणं, ही अपेक्षा घोडबंदर रोडला ठेवू नये. ट्रकचे ब्रेक, चार घरांचे कुकर, आणि आमच्या लिफ्टमधली ती बाई. दार उघडं राहिलं की “कृपया दरवाजा बंद करें” असं ती म्हणत राहते, कुणी बंद करेपर्यंत. सुरुवातीला हसू फुटायचं. त्यावर एक उपाय लागू पडला. मौनात काही करायचं असेल तर गाऊन झालेल्या शेवटच्या सुराचा कानात उरलेला भास धरून बसायचा. तो गेला की जे ऐकू येईल ते, लिफ्टसकट.

मौन संपवायचं कुणी, यावर आमची सर्वांत लांब चर्चा झाली. घंटा म्हटली तर कुणाला देऊळ आठवतं, कुणाला चर्च. टाळी वाजवणं शाळेसारखं. मोबाइलचा गजर तर शक्यच नाही, निम्म्या लोकांचा हात उशाकडे जाईल. क्वेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे, त्यांच्या पारंपरिक सभा तासभर बहुतेक शांततेतच चालतात आणि दोन ज्येष्ठ एकमेकांशी हस्तांदोलन करतात तेव्हा सभा संपते. ते आम्हाला आवडलं, पण बायकापुरुषांच्या मिश्र बैठकीत सगळ्यांनाच हात मिळवणं सोयीचं नव्हतं. शेवटी मोबाइलवरचा तंबोरा. मौन सुरू होताना तो पूर्ण बंद होतो. वेळ झाली की एक जण आवाज शून्यावरून हळूहळू वर नेतो, इतका हळू की तो नक्की कधी सुरू झाला ते कुणालाच सांगता येत नाही. ज्याला आधी ऐकू येतो तो आकार लावतो, मग दुसरा. हे काम सध्या इंजिनिअरकडे आहे. कुणाचं म्हणणं आहे की तो तीन मिनिटांची साडेतीन करतो. त्याला विचारलं तर घड्याळ बघत नव्हतो म्हणतो.

नंतर चहा. “कसं वाटलं?” असं लगेच विचारायचं नाही, एवढा एकच नियम आम्ही फळ्यावर लिहिलेला आहे. गेल्या महिन्यात फॉर्म भरायला गेले तर सेक्रेटरींनी छापील तीन चौकोनांपुढे पेनने चौथा काढून ठेवला होता. त्याच्यापुढे काय लिहायचं ते त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, तुम्ही येत्या रविवारी येऊन बसा आणि तुम्हीच लिहा. ते म्हणाले, रविवारी पाण्याची टाकी धुवायची आहे, पुढच्या महिन्यात बघू.